कॅमेऱ्याच्या डोळ्यातले कुसळ

छायाचित्रावर डाग दिसला की मनुष्य प्रथम भिंग पुसावयास घेतो. खिशातला रुमाल काढतो, भिंगावर तोंडाची वाफ सोडतो, गोल गोल घासतो आणि पुन्हा छायाचित्र घेतो. डाग जागच्या जागी असतो. मग तो रुमाल बदलतो. अशी भिंगे घासणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल आम्हांस आदरही आहे. परंतु त्यांचा डाग भिंगावर नसतोच. दृश्यातील प्रत्येक बिंदूचा प्रकाश भिंगाच्या सर्व भागांतून आत येत असतो. भिंगावरचा धुळीचा कण त्यातला अल्पसा वाटा खातो खरा, पण तो तोटा साऱ्या चित्रात वाटला जातो आणि दिसेनासा होतो.

डाग असतो तो आत, कॅमेऱ्याच्या अंतःपुरात, सेन्सरच्या दारावर. जुन्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे, तेथे डिजिटल कॅमेऱ्यात हा सेन्सर असतो. आमच्या शाळेच्या कॅमेऱ्यातील सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा आहे. आणि एवढ्याशा जागेत प्रकाश टिपणारे दोन कोटी चाळीस लाख सूक्ष्म चौकोन मांडलेले आहेत. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र टिपणाऱ्या अशा चकतीची एक प्रमुख कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली, आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चाळीस वर्षे म्हणजे थोडी प्रतीक्षा नव्हे.

फिल्मच्या काळी हा प्रश्न असा नव्हता. धूळ तेव्हाही होतीच. पण प्रत्येक चित्रास फिल्मचा नवा, कोरा तुकडा मिळत असे. एका चित्रावर बसलेला कण त्या चित्राबरोबरच पुढे निघून जाई. सेन्सर मात्र जन्मभर एकच. पहिले चित्र ज्या पृष्ठावर उमटते, त्याच पृष्ठावर पन्नास हजारावे उमटते. तेथे एकदा कण चिकटला की तो लग्नाच्या चित्रातही येतो आणि अंत्ययात्रेच्याही, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची जागा तीच असते. आणखी एक गंमत अशी की तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. कण प्रत्यक्ष सेन्सरवर नसून त्यावरील काचेच्या पातळ आवरणावर असतो. सोयीसाठी हे अंतर एक मिलिमीटर धरू. भिंगाचे छिद्र, ज्यास छायाचित्रकार अ‍ॅपर्चर म्हणतात, ते एफ-२.८ एवढे मोठे ठेवले तर सेन्सरवरच्या एकेका बिंदूकडे जाणारा प्रकाश त्या काचेवर सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळातून येतो. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला जेमतेम पन्नासावा हिस्सा अडवतो; डोळ्यास काही कळत नाही. तेच छिद्र एफ-१६ पर्यंत लहान केले की ते वर्तुळ ०.०६ मिलिमीटरचे उरते, आणि तोच कण जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकाश गिळून बसतो. म्हणून लोक म्हणतात, "काल डाग नव्हता, आज कुठून आला?" तो कालही होता, काल छिद्र मोठे होते.

आता आम्हांस हे सारे शिकण्याची गरज का पडली, ते सांगितले पाहिजे.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील एका लाकडी कपाटात विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित वार्षिकांचे जुने खंड आहेत. छापील अंक निघू लागण्यापूर्वी मुले स्वतःच्या हाताने अंक लिहीत, सुंदर अक्षराची मुले तो उतरवून काढीत, चित्रे काढणारी मुले कडेने वेलबुट्टी काढीत, आणि एकच प्रत साऱ्या शाळेत फिरे. बेळगावच्या पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची काहिली आलटून पालटून सोसल्याने तो कागद आता पापडासारखा झाला आहे. १९५६-५७ च्या खंडाची अवस्था सर्वांत वाईट. त्याचे पान उलटले की कोपरा हातात येतो. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही नववीच्या सहा विद्यार्थ्यांना हाताशी घेतले आणि एकेका पानाचे छायाचित्र घेण्याचे काम आरंभिले. कॅमेरा घोडीवर उलटा टांगला, दोन बाजूंनी दोन दिवे लावले, आणि खंडाची पाने शिवणीकडे फुगतात म्हणून छिद्र एफ-१६ वर ठेवले. प्रत्येक बैठकीच्या आरंभी व शेवटी एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घ्यावयाचे, असा नियमही पहिल्याच दिवशी घालून दिला.

हे काम चालू असता मुलांना सर्वांत नवल वाटले ते अनुस्वारांचे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी भर पडली, आणि न उच्चारले जाणारे शेकडो अनुस्वार आपल्या लेखनातून निघून गेले. त्यापूर्वीची मुले 'शाळेंत', 'नाहीं', 'केव्हां', 'पांच' असेच लिहीत. जुने पान उघडले की अक्षरांवर मोहरी सांडल्यासारखे दिसते. आमच्या एका विद्यार्थ्याने तर, "सर, यांना टिंबांचे वेगळे गुण मिळत होते का?" असे विचारले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता; ती टिंबे गाळली तर गुण जात असत, असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

अशा पानांवर कॅमेऱ्याने स्वतःच्या पदरचे एक टिंब टाकले तर काय होते, ते त्याच दिवशी दुपारी कळले. मुले छायाचित्रे पाहून लेखांची व कवितांची सूची करीत होती. एका कवितेचे शीर्षक सूचीत 'नांव' असे लिहिले गेले. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे माणसाचे नाव, आणि 'नाव' म्हणजे पाण्यावरची होडी. सूची तपासणारी मुलगी कविता वाचून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ही कविता नावाबद्दल नाहीच. हिच्यात नदी आहे, वल्हे आहे, पैलतीर आहे. नाव कुणाचेच नाही." आम्ही चित्र मोठे करून पाहिले. 'ना' वर टिंब होते. किंचित पुसट, कडेने विरलेले, पण जुनी शाई फिकट झाली म्हणजे असेच दिसते. मग तिनेच पुढचे पान काढले, त्याच्या पुढचे काढले. मजकूर बदलत होता, टिंब त्याच उंचीवर, त्याच जागी होते. एका पानावर ते दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत एकटेच उभे होते. सकाळच्या कोऱ्या कागदावर ते नव्हते. दुपारच्या कोऱ्या कागदावर होते. तेविसाव्या पानापासून पुढील एकसष्ट पानांवर त्याची हजेरी लागली होती, आणि खंड नेमका १९५६-५७ चा होता.

हिशेब मुलांनीच केला. छायाचित्राच्या लांबीत ३६ सेंटिमीटर जागा मावत होती आणि सेन्सरची लांबी २३.५ मिलिमीटर, म्हणजे सेन्सरवरची प्रत्येक गोष्ट पानावर सुमारे पंधरा पट होऊन दिसणार. ०.०६ मिलिमीटरच्या सावलीचे पंधरा पट म्हणजे एक मिलिमीटरला थोडे कमी. टाकाच्या टोकाने दिलेले टिंब साधारण तेवढेच असते. कॅमेऱ्याने शुद्धलेखनाची इतकी चांगली नक्कल करावी, याचे कौतुक करावे की राग यावा, हे आम्हांस क्षणभर समजेना.

तो कण कोठून आला असेल? वर्गात खडूची भुकटी आहे, मैदानाची तांबडी माती आहे, आणि कॅमेऱ्याच्या पोटात हलणारे शटर व आरसा आहे. यांतील शेवटच्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. यंत्राचे भाग हलताना त्यांच्या झिजेचे कण व वंगणाचे बारीक थेंब सेन्सरवर उडू शकतात. निकॉन कंपनीच्या २०१२ साली आलेल्या डी-६०० या कॅमेऱ्याबाबत अशा डागांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०१३ साली कंपनीला त्यासंबंधी जाहीर सूचना काढावी लागली. आमचा कॅमेरा तो नव्हे; पण आमचा डागही कोरड्या धुळीचा नव्हता, हे पुढे दिसलेच.

बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत सेन्सरवरची काच अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय असते. ऑलिंपस कंपनीने २००३ साली ई-१ या कॅमेऱ्यात ही युक्ती प्रथम आणली. आमच्या कॅमेऱ्याने ती थरथर तीनदा केली. डाग ढिम्म. तेव्हा आम्ही गावातील एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. काकांनी तरुणपणी निगेटिव्हवरचे डाग कुंचल्याने भरण्याचे काम केले आहे आणि घाईची त्यांना चीड आहे. कॅमेरा हातात घेऊन ते प्रथम म्हणाले, "मास्तर, फुंकर मारली नाही ना कुणी? फुंकरीत थुंकी असते हो. धूळ जाते आणि थुंकी राहते." डबाबंद दाबाच्या हवेलाही त्यांचा नकार, त्या डब्यातून कधी कधी द्रवाचे शिंतोडे उडतात, आणि मग एका डागाचे दहा होतात. त्यांनी रबरी फुगा घेतला, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे केले आणि आठ-दहा वेळा हवा मारली. कण सुटला तर खाली पडावा, परत आत बसू नये, एवढाच तोंड खाली करण्याचा हेतू. पुन्हा कोऱ्या कागदाचे चित्र घेतले. दोन बारीक ठिपके, जे आम्ही पाहिलेही नव्हते, ते गेले होते. आमचा डाग होता तेथेच होता.

"हा चिकटलाय," काका म्हणाले, "आता ओले करावे लागणार."

ओल्या सफाईचे नाव काढले की पुष्कळांच्या हाताला कंप सुटतो, आणि तो अकारण नाही. काचेवर ओरखडा गेला तर उपाय नाही. काकांनी प्रथम खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली, पंखा बंद केला, खिडकी मात्र उघडी ठेवली. कारण या कामाचा द्रव मेथनॉलचा असतो, तो विषारी आहे आणि चटकन पेट घेतो. विद्यार्थ्यांना त्यांनी दाराबाहेरूनच पाहू दिले. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली आहे याची दोनदा खात्री केली. सफाईसाठी आरसा वर उचलून धरावा लागतो. मध्येच वीज संपली तर तो आत असलेल्या काडीवर आदळतो. मग जागा नक्की केली. छायाचित्रात डाग वर होता, म्हणून मुले सेन्सरच्या वरच्या कडेकडे पाहत होती. काकांनी मान हलवली. भिंग चित्र उलटे पाडते. चित्रात वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो. समोरून पाहणाऱ्याला डावे मात्र डावेच राहते. हे कागदावर आकृती काढून समजेपर्यंत मुलांची दहा मिनिटे गेली, पण भौतिकशास्त्राचा तो तास आम्हांस फुकट मिळाला.

सफाईची काडी चपटी असते. टोकाशी मऊ, तंतू न सोडणारे कापड गुंडाळलेले, आणि तिची रुंदी सेन्सरच्या रुंदीएवढी, आमच्या बाबतीत सुमारे १६ मिलिमीटर. काकांनी टोकावर दोन थेंब सोडले, अर्धा मिनिट थांबले, आणि काडी सेन्सरच्या एका कडेला टेकवून एकाच संथ ओढीने दुसऱ्या कडेला नेली. मग काडीची बाजू बदलून परत आणली, आणि ती काडी फेकून दिली. एवढी महाग काडी एका फेरीत फेकलेली पाहून आमच्यातला शिक्षक कळवळला; परंतु एकदा धूळ उचललेले कापड पुन्हा फिरवणे म्हणजे ओरखड्यास आमंत्रण देणे होय. कोऱ्या कागदाने सांगितले, की डाग मोडला आहे, पण त्याची एक शेपटी उजवीकडे ओढली गेली आहे. कोरडी धूळ अशी शेपटी सोडत नाही. तेलकट वस्तूच सोडते. दुसऱ्या काडीने शेपटी गेली, आणि तिच्या जागी वाळलेल्या द्रवाचे एक फिकट कडे उमटले. काका हसले. तिसऱ्या काडीवर त्यांनी एकच थेंब घेतला. त्यानंतरचा कोरा कागद खरोखर कोरा होता.

कॅमेरा स्वच्छ झाला. पण एकसष्ट पानांचे काय? तो खंड पुन्हा उलटणे शक्य नव्हते. पहिल्या वेळीच त्याची अकरा पाने शिवणीजवळ तुटली होती. संगणकावर डाग पुसण्याची साधने आहेत, आणि आकाशाच्या चित्रात ती उत्तम चालतात. डागाभोवतीचा निळा रंग घेऊन ती डागावर पसरतात. काही कॅमेऱ्यांत तर डागांचा नकाशा साठवून ते आपोआप पुसण्याची सोय असते. मुलांचे मत तसेच करावे असे पडले. आम्ही त्यास राजी नव्हतो. आकाशात डागाच्या खाली आकाशच असते. पानावर डागाच्या खाली खरा अनुस्वारही असू शकतो, आणि पुसणारे साधन शेजारचा कोरा कागद आणून त्यावर चिकटवते. ते पाहत नाही; अंदाज करते. १९५७ सालच्या विद्यार्थ्याने दिलेले टिंब आज यंत्राच्या अंदाजाने खोडावे, हे आमच्या मनास पटेना.

वाट सापडली ती खगोलशास्त्रज्ञांकडे. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांवरही धूळ बसते, आणि तेथे प्रत्येक कणासाठी यंत्र उघडत बसणे परवडत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ संधिप्रकाशातील आकाशाचे किंवा एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचे चित्र घेऊन ठेवतात, आणि ताऱ्यांच्या चित्रास त्या चित्राने भागतात. होय, साधा भागाकार. प्रत्येक बिंदूच्या आकड्यास त्याच जागच्या आकड्याने. डाग सर्व प्रकाश अडवीत नाही, काही हिस्सा अडवितो, आणि तो हिस्सा दोन्ही चित्रांत सारखाच असतो. समजा, कोऱ्या कागदाची उजळण सर्वत्र २०० आहे आणि डागाच्या जागी ८०. पानाच्या चित्रात त्या जागी ८० च आले, तर भागाकार एक. म्हणजे तेथे कोरा कागद आहे. ३० आले, तर डागाखाली शाई आहे. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याची मूळ, संस्कार न झालेली नोंद हवी, घोडी व दिवे हललेले नसावेत, आणि छिद्रही तेच हवे. दुपारचा तो कोरा कागद आमच्यापाशी होताच.

भागाकारास एक रविवार लागला. 'नाव' वरचे टिंब विरले आणि होडी पुन्हा पाण्यात आली. चार पानांवर मात्र डाग गेला आणि त्याच्या खालून खरे टिंब वर आले. एकदा 'शाळेंत', एकदा 'पांच', दोनदा 'नाहीं'. ती चार टिंबे पाहून मुले टाळ्या वाजवू लागली.

एक जागा तेवढी सुटलेली नाही. नववीतील एका मुलाचा लेख आहे. शीर्षक 'माझ्या भावाचीं पत्रें' किंवा 'माझ्या भावांचीं पत्रें'. डाग बरोबर त्या 'वा' वर पडला आहे. शाई तेथे मुळातच इतकी फिकट आहे, की डागातून उरलेल्या एक-तृतीयांश प्रकाशात टिंब आहे की कागदाचा दाणा, हे भागाकारही सांगत नाही; आणि मूळ पानाचा तो तुकडा आता गळून गेला आहे. लेख वाचून उलगडा होईल म्हणावे, तर लेखक लिहितो, "माझे भाऊ मुंबईस गिरणींत गेले." थोरल्या भावाविषयी आदराने बोलावे तर असेच बोलतात, आणि दोन-तीन भावांविषयीही असेच. पुढे पत्रे कमी होत गेली, असे लिहिले आहे. मग पान फाटले आहे. घरातून एक मुलगा गेला की सगळेच गेले, हे त्या एका टिंबावर राहिले आहे. सूचीत आम्ही दोन्ही वाचने दिली आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे.

लेखाखाली पूर्ण नाव नाही, नुसती आद्याक्षरे आहेत. १९५६-५७ साली नववीत असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या वर्षीचे आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांना घेऊन कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात यावे. चित्र मोठे करून दाखविण्याची व्यवस्था केली आहे.